बिम मॉडेलचा कामगारांच्या सुरक्षिततेसाठी खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न (सुरक्षा अधिकारी):
आमच्या प्रकल्पाचे बिम मॉडेल, म्हणजे प्रत्येक घटकाची माहिती जोडलेले इमारतीचे त्रिमितीय संगणकीय प्रतिरूप, तयार आहे, परंतु पाइप, डक्ट आणि तुळया एकमेकांना कुठे आडव्या येतात हे शोधण्यापलीकडे त्याचा वापर झालेला नाही. कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य यांसाठी त्याचा उपयोग करता येईल का, की तो केवळ सादरीकरणात शोभणारा प्रकार आहे? मला स्वतःला ते सॉफ्टवेअर चालवता येत नाही.

उत्तर १ (नियोजन अभियंता):
उपयोग होतो, पण मॉडेलला वेळापत्रक जोडल्यानंतरच. पूर्ण झालेल्या इमारतीच्या मॉडेलमध्ये धोका दिसतच नाही, कारण तेथे प्रत्येक शाफ्ट बंद आणि प्रत्येक जिना कठड्यासह असतो. माणूस पडतो तो मधल्या काळात. आमच्या कामावर स्लॅबमधल्या भोकावर प्लायचा सुटा तुकडा टाकलेला होता. शटरिंगच्या कामगाराने तो उरलेला माल समजून दोन्ही हातांनी उचलला, आणि प्लाय समोर धरल्यामुळे पायाखालचे भोक त्याला दिसेना. सोबत्याने वेळीच मागे ओढले म्हणून निभावले. त्यानंतर झाकण, त्याचे बोल्ट आणि तात्पुरता कठडा हे मॉडेलमधले स्वतंत्र घटक केले. त्यामुळे ते मालाच्या यादीत आपोआप येतात आणि स्लॅब ओतण्यापूर्वीच मागवले जातात.

उत्तर २ (संरचना सल्लागार):
वरील मुद्दा मान्य आहे, मात्र चर्चा नेहमी पडण्यापाशीच थांबते आणि आरोग्य मागे राहते. काँक्रीटला ड्रिल मारताना निघणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. अमेरिकेच्या 2016 च्या नियमानुसार श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक सिलिकाची आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या घनमीटरला केवळ 50 मायक्रोग्रॅम आहे. पाइप छताला टांगणारे हँगर कुठे येणार हे मॉडेलमध्ये आधीच ठरले, तर त्यांचे इन्सर्ट (हँगर अडकवण्यासाठी काँक्रीटमध्ये बसणारे तुकडे) स्लॅब ओतण्यापूर्वी शटरिंगवर बसवता येतात आणि शिडीवर मान वर करून ड्रिल मारण्याचे बरेचसे काम उरतच नाही. मास्क वाटण्यापेक्षा हा उपाय मला केव्हाही सरस वाटतो. अर्थात, त्यासाठी पाइप, डक्ट अशा सेवांची रचना वेळेत अंतिम व्हावी लागते, आणि नेमके तेच सहसा होत नाही.

उत्तर ३ (बिम समन्वयक):
धोक्याची माहिती त्या-त्या घटकाला जोडून पुढच्या टप्प्यापर्यंत कशी पोहोचवावी, यासाठी ब्रिटनमध्ये 2018 साली पास 1192-6 हे मार्गदर्शन आले. आता आयएसओ 19650 या बिममधील माहितीच्या व्यवस्थापनावरील आंतरराष्ट्रीय मानक मालिकेचा सहावा भाग त्याच विषयावर आहे. सॉफ्टवेअर येत नाही याची चिंता करू नये. समन्वयकाकडून त्या आठवड्याचे एकच दृश्य, उघड्या कडा लाल रंगात दाखवून, कागदावर छापून घ्यावे आणि सकाळच्या बैठकीत मुकादमासमोर ठेवावे. परांची आणि क्रेनची कक्षा मॉडेलमध्ये आहे का, हे मात्र आधी विचारावे; बहुतेक मॉडेलमध्ये ती नसते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमच्या मॉडेलमध्ये परांची नाही, हे आताच तपासले. पुढील स्लॅबची भोके आणि इन्सर्ट यांची यादी समन्वयकाकडे मागितली आहे.