प्रति: चार्जिंगचे पैसे देतो, मग पार्किंगचे कशाला?

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचे पैसे देतो, मग चार्जरच्या जागेवर उभं राहायचे वेगळे कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. चार्जिंग चालू असेपर्यंत पार्किंग फुकटच हवं. पण चार्जिंग संपल्यावरही गाडी जागा अडवून उभी असेल, तर मिनिटागणिक पैसे लावलेच पाहिजेत. टेस्ला या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने असा आकार २०१६ सालीच सुरू केला होता.

मागच्या महिन्यात एक्सप्रेसवेवरच्या एका फूड मॉलला थांबलो. बॅटरी ९ टक्के, मागच्या सीटवर आई. चार्जरला दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे प्लग. एका जागेवर चक्क पेट्रोलची गाडी. दुसऱ्या जागेवरची गाडी ८८ टक्क्यांवर, मालक आत जेवायला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, मी कुणाकुणाला उठवू?" त्याच्या हातात ना पावती पुस्तक, ना नियमाचा फलक. पाऊण तास उन्हात काढला.

साधारण ८० टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच कमी वीज घेते, त्यामुळे फास्ट चार्जरवर शेवटचे २० टक्के रखडतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्याने ८० ला गन काढावी, उरलेलं घरच्या सॉकेटवर रात्रभरात होतं. पुढचा चार्जर खरंच लांब असेल तर गोष्ट वेगळी.

नव्या चार्जिंग स्टेशनवर चार्जिंग संपल्यावर दहा मिनिटांची सवलत द्या, ॲपवर आधी सूचना द्या, मग आकार लावा. पेट्रोल-डिझेल गाड्यांना मात्र सवलत नको, सरळ जॅमर. आणि काचेमागे मोबाइल नंबर ठेवायची सवय आपणच लावून घेऊया. मी त्या दिवसापासून ठेवतो.