झुंबराची दोरी कोणी कापत का नाही?

गोदाकाठचा_डीएम
शनिवारचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं सेशन आटपून आलोय, डोकं फिरलंय. (नवख्यांसाठी: फासे टाकून खेळायचा कथाखेळ. गोष्ट चालवतो तो डीएम, म्हणजे मी.) चार तासांत दोन मारामाऱ्या आणि सगळ्यांचं एकच पालुपद: "मी हल्ला करतो. सतरा. लागला का?" खोलीत झुंबर टांगलं होतं, तेलाची पिंपं होती, कठडा मोडका होता. कोणी ढुंकून पाहिलं नाही. कॅरेक्टर शीटच्या (पात्राची ताकद-शस्त्रं लिहिलेल्या कागदाच्या) बाहेर काही असतं हे हल्लीच्या खेळाडूंना माहीतच नाही. यांना कल्पकता शिकवायची तरी कशी?

अर्ध्या_एचपीचा
त्याच टेबलावर मीही बसतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पाचवं सेशन आठव. झुंबराची दोरी कापतो म्हणालो होतो. तू आधी टेबलावर उडी मारायला ॲक्रोबॅटिक्सचा रोल मागितलास, मग दोरीवर अटॅक रोल, मग गॉब्लिनला डेक्स सेव्ह (चपळाईने निसटायचा रोल). तिन्ही ठिकाणी माझ्या बाजूने 65 टक्के धर. एकत्र जमण्याची शक्यता 27 टक्के. आणि सगळं जमल्यावर डॅमेज? एक डी-फोर (चार बाजूंचा फासा)! गॉब्लिनचे एचपी (जिवाचे पॉइंट) 7. म्हणजे नशीब फळफळलं तरी तो मरणार नव्हताच. माझी रेपियर तलवार एका रोलमध्ये डी-एट अधिक 3 देते, वर स्नीक अटॅकचा जादा डॅमेज. डीएम गाइडमध्ये अंगावर कोसळलेल्या पुस्तकांच्या कपाटाला एक डी-टेन दिलाय. तुझं झुंबर काय थर्माकोलचं होतं?

आम्हाला कल्पकता येते रे. एकदा करून पाहिली, तोटा झाला, सोडून दिली.

बॅटलमास्तर
आता माझाही हिशोब ऐका. तिसऱ्या लेव्हलला बॅटल मास्टर (डावपेचांचा लढवय्या) घेतला. कोणाला पाडायचं, कोणाचं शस्त्र उडवायचं, तर चार सुपीरियॉरिटी डाइस (डावपेचांचे खास फासे). संपले की रेस्टपर्यंत बोंबला. आणि शेजारचा रोग (Rogue, चोराचं पात्र; वर लांबलचक लिहिणाराच) म्हणतो "डोळ्यांत वाळू फेकतो". डीएम खूश, शत्रू आंधळा. फुकट! पुढच्या राउंडला परत वाळू. त्याच्या पुढच्याला परत. गोदावरीचं अख्खं पात्र खिशात घालून फिरत होता का? मी लेव्हल घालवून जे मिळवलं ते याला नुसतं बोलून मिळतं.

पंचवटीची_क्लेरिक
मास्तर, पाडायला तुमचे फासे लागत नाहीत. शव्ह (धक्का देणं) सगळ्यांना आहे, एका अटॅकच्या बदल्यात. तुम्हाला वर डॅमेज मिळतो, बाकीच्यांना नाही. पुस्तक वाचा. वाळूचं मात्र पटलं. एकदा ठीक, तेही पुढच्या हल्ल्यापुरतं ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा धरायचा). आंधळा कसला करता!

पण खरी गोष्ट कोणीच बोलत नाहीये. माझी पाळी वीस मिनिटांनी येते. तोवर चौघं रील बघत असतात आणि पाळी आली की "कुठे आहोत आपण?" ज्याला खोलीत गॉब्लिन किती हेच माहीत नाही, त्याला झुंबर काय दिसणार?

रामशेजकर
नाशकात राहून हा प्रश्न पडतो? रामशेज किल्ला बघा. 1682 ला मोगलांचा वेढा पडला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर लाकडाचे ओंडके पोखरून तोफा केल्या. मोगल सरदार बहादूरखानाने एका अंगाला बाजारबुणग्यांचा गलका उठवला आणि दुसऱ्या अंगाने गुपचूप माणसं चढवली. किल्लेदाराने डाव ओळखला. गलक्याला गलक्याने उत्तर दिलं, आणि चढणाऱ्यांच्या डोक्यावर अंधारात दबा धरून माणसं बसवली. याला म्हणतात लढाई. कोणी फासे टाकले होते का?

अर्ध्या_एचपीचा
काका, लाकडी तोफ दोन बारांत फुटेल. इतिहासाच्या नावावर काहीही?

रामशेजकर
काहीही नाही, इतिहासकार खाफीखानाने लिहिलंय. मोगलांकडचा माणूस, आपला भाट नव्हे. एक तोफ दहांचं काम करायची म्हणतो.

अर्ध्या_एचपीचा
हरलेल्या बाजूचा माणूस दहाच म्हणणार. "ओंडक्यांनी पळवलं" असं कसं लिहील?

रामशेजकर
तुम्ही गड चढलात का कधी? आशेवाडीतून तासही लागत नाही. मी आठवीपासून चढतोय. लॅपटॉपवर बसून तोफा फोडू नका.

बॅटलमास्तर
चढल्याने तोफेचं लाकूड कळतं? आम्ही झुंबरावर होतो हो!

पंचवटीची_क्लेरिक
भांडा. पण काकांची गोष्ट नीट वाचा. खानाचा बेत फसला तो समोरच्याने तोडीस तोड डोकं चालवलं म्हणून. टेबलाच्या भाषेत एकच कॉन्टेस्ट (रोलविरुद्ध रोल): खानाचं डिसेप्शन (फसवणं), किल्लेदाराचं इनसाइट (डाव ओळखणं). चढण्याला वेगळा, आवाजाला वेगळा, अंधाराला वेगळा असे रोल मागितले असते तर खान छावणीतच झोपला असता.

रामशेजकर
मला तुमचं इनसाइट-बिनसाइट कळत नाही. पण हो, असंच. तोफा मात्र लाकडाच्याच.

गोदाकाठचा_डीएम
सगळे मिळून मलाच धुताय, चालू द्या. डी-फोर कमी होता, मान्य. तीन रोल कारण उडी, दोरी, गॉब्लिन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि झुंबर तलवारीइतकं सोपं केलं तर पुढच्या प्रत्येक खोलीत तुम्ही आधी छत बघणार, हेही तितकंच खरं.

अर्ध्या_एचपीचा
छत बघतील हीच तुझी तक्रार होती ना? बघत नाहीत म्हणून?

गोदाकाठचा_डीएम
...बरं. पुढच्या शनिवारी एकच रोल, डी-टेन. वाळू प्रत्येक मारामारीत एकदा. पाळी आली तेव्हा हातात मोबाइल दिसला तर डिसॲडव्हांटेज.

बॅटलमास्तर
आणि माझे चार डाइस?

गोदाकाठचा_डीएम
तू ओंडका पोखरत बस.