उंदीर वाळतायत, एचआयव्हीमुळे का?

प्रश्न:
एनएसजी उंदरांना (स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसलेले प्रयोगशाळेतले उंदीर) प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पेशी टोचल्या, मग एचआयव्ही दिला. महिन्याभरात केस विस्कटले, पाठीला पोक आलं, वजन उतरलं. रोज पिंजरा उघडताना पोटात कालवतं. हे विषाणूमुळेच ना?

उत्तर १:
बहुतेक नाही गं. एचआयव्ही पेशीवरच्या सीडी४ प्रथिनाला धरून आत शिरतो, पण उंदराच्या सीडी४ ला तो चिकटतच नाही. टोचलेल्या रक्तातल्या टी-पेशीच (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) उंदराला परकं समजून त्याच्या अंगावर उठतात. विषाणू न दिलेला गट कसा आहे?

प्रश्नकर्ती:
तेही तसेच वाळलेत.

उत्तर १:
मग झालं! पुढच्या वेळी नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ मूळपेशी (ज्यांच्यापासून रक्तपेशी बनतात) घे, नवजात पिल्लांना दे. मूळपेशींना जागा व्हावी म्हणून आधी देतात तो किरणांचा डोस हलकाच ठेव. प्रतिकारशक्ती घालवणाऱ्या स्किड या जनुकदोषामुळे या उंदरांची डीएनए दुरुस्ती लंगडी असते. नंतर निदान १२ आठवडे थांब. थेंबभर रक्तात मानवी सीडी४५ पेशी (म्हणजे रुजलेल्या मानवी पांढऱ्या पेशी) मोजल्याशिवाय विषाणू द्यायचा नाही. मी एकदा घाई केली, अख्खी बॅच वाया गेली. अजून सलतं.

उत्तर २:
१९८८ साली संशोधक मॅक्यून यांच्या गटाने स्किड उंदरात मानवी थायमसचे (टी-पेशी घडवणारी ग्रंथी) तुकडे रुजवले, तेव्हापासून हा धीराचाच खेळ आहे. आणि वाळलेल्या उंदरांना ताटकळत ठेवू नकोस, आजच पशुवैद्यांना दाखव.