फोटोअकूस्टिक (लेझरच्या पल्सने रक्तात उठणाऱ्या ध्वनीवरून प्रतिमा): नळीतल्या रक्ताची ऑक्सिजन संपृक्तता 98 टक्के, प्रतिमेत 85. फरक कुठून येतो?

लेझरबेंच:
ओपीओ (तरंगलांबी बदलता येणारा) लेझर, 7 नॅनोसेकंदांचे पल्स, सेकंदाला 10. तरंगलांब्या 750 आणि 850 नॅनोमीटर. 128 एलिमेंटचा 5 मेगाहर्ट्झचा लिनियर अल्ट्रासाउंड प्रोब, दोन्ही बाजूंना लेझरचा प्रकाश आणणारे फायबर. 1 टक्का इंट्रालिपिडमध्ये (प्रकाश विखुरणारं दुधाळ द्रावण) 10 मिमी खोलीवर सिलिकॉनची नळी, आतला व्यास 2 मिमी. त्यात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं मेंढीचं रक्त, हिमोग्लोबिन 150 ग्रॅम प्रति लिटर. को-ऑक्सिमीटर (रक्ताच्या नमुन्याची संपृक्तता प्रकाशाच्या शोषणावरून थेट मोजणारं यंत्र) 98 टक्के दाखवतो. नळीचा अख्खा छेद निवडून सरासरी काढली की 85 येतात. सिग्नल पल्सच्या ऊर्जेने भागून घेतलाय. आणखी काय तपासावं?

फ्लुएन्सवाला:
अख्ख्या छेदाची सरासरी हाच पहिला संशयित. तुमच्या दोन तरंगलांब्यांसाठी सूत्र असं होतं:

संपृक्तता = (1405 × गु − 691) ÷ (367 + 887 × गु)

इथे गु म्हणजे 850 चा सिग्नल भागिले 750 चा सिग्नल. हे सूत्र दोन्ही वेळी रक्तापर्यंत सारखाच प्रकाश पोचतो असं गृहीत धरतं. पण 98 टक्के संपृक्त रक्ताचं शोषण 850 ला सुमारे 5.6 प्रति सेंमी आणि 750 ला सुमारे 2.9 आहे. प्रकाश वरूनच येतो आणि रक्तात विखुरत नाही असं धरून साधं गणित केलं, तर 2 मिमी पार करताना 850 चा 32 टक्के प्रकाश उरतो, 750 चा 56. म्हणजे नळीच्या तळाशी गुणोत्तर आपोआप पडतं. त्या गणितात तळाजवळ 65 टक्के येतात आणि पूर्ण छेदाच्या सरासरीला 85, म्हणजे तुमचाच आकडा. तो इतका तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोग आहे: इंट्रालिपिडमधून प्रकाश खालूनही येतो, त्यामुळे फरक घटतो, तांबड्या पेशींच्या विखुरण्याने रक्तातली वाट लांबते, त्यामुळे वाढतो.

प्रोबकडच्या भिंतीवरचं शिखर तेवढं घ्या. 5 मेगाहर्ट्झला पाण्यात ध्वनीची तरंगलांबी 0.3 मिमी, आणि वरच्या तेवढ्याच थराची सरासरी याच गणितात 96 देते. किंवा 0.5 मिमी आतील व्यासाची नळी लावा. तिचा पूर्ण छेद घेतला तरी 95 च्या आसपास येईल.

तरंग_850:
वरच्या भिंतीवरही आकडा कमी आला तर दोन गोष्टी बघा.

पहिली, ऊर्जा. तुमचा सेन्सर फायबरच्या आधी आहे का? सेन्सरकडे थोडा प्रकाश वळवणाऱ्या काचेच्या तुकड्यावरून परावर्तित होणारा हिस्सा ध्रुवीकरणानुसार बदलतो, आणि फायबरमधून पार जाणारा हिस्सा तरंगलांबीनुसार. म्हणून प्रोबच्या तोंडाशी दोन्ही तरंगलांब्यांची ऊर्जा एकदा मोजून सुधारणा-गुणक काढा. पडताळ्यासाठी त्याच नळीत मोरचुदाचं पातळ द्रावण भरा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचं 850/750 गुणोत्तर जुळतंय का पाहा. ते जुळल्याशिवाय रक्ताच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरी, नॉइज. आधी आरएफ (प्रोबकडून आलेल्या कच्च्या) सिग्नलची सरासरी, मग एन्व्हलप (त्याच्या उंचीची धन रेषा). उलट क्रमाने केलं की नॉइज धन आकडा होऊन बसतो आणि 750 चा दुबळा सिग्नल फुगतो. दोन्हीकडे निव्वळ नॉइज सारखा असेल तर गु = 1, आणि सूत्र 57 टक्के देतं. खोलीनुसार चित्र 57 कडे सरकू लागलं की त्या भागाचा रंगीत नकाशा दाखवूच नये. सिग्नल-नॉइजची मर्यादा ठरवून त्याखालचे पिक्सेल काळे करा.

लेझरबेंच:
सेन्सर फायबरच्या आधीच आहे. पुढे 40 ते 98 टक्क्यांची मालिका करायची आहे. रक्तातला ऑक्सिजन काढायला डायथायोनाइट किती घालावं?

हिमोग्लोब:
150 ग्रॅम प्रति लिटर हिमोग्लोबिनचा सगळा ऑक्सिजन काढायला हिशोबाने मिलिलिटरमागे साधारण 1.6 मिग्रॅ लागतं. थोडं हवेतच खर्ची पडतं. एकदम ओतू नका. बफर सलाइनमध्ये ऐनवेळी विरघळवा, 0.2 मिग्रॅच्या टप्प्यांनी घाला आणि प्रत्येक टप्प्याला को-ऑक्सिमीटरचा नमुना घ्या. जुनं द्रावण नको.

या मालिकेसाठी सिलिकॉनची नळी बदलाच. सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज आत येतो, त्यामुळे 40 टक्क्यांचं रक्त मोजेपर्यंत वर चढतं. टेफ्लॉनची पातळ नळी घ्या, हवेचे बुडबुडे काढा, मोजणीच्या आधी आणि नंतर असे दोन नमुने घ्या. रक्त सावकाश वाहतं ठेवा, नाहीतर पेशी तळाशी बसतात. को-ऑक्सिमीटर सोडून साधा ब्लड गॅस अॅनलायझर वापरू नका: तो ऑक्सिजनच्या दाबावरून माणसाच्या रक्ताच्या दाब-संपृक्तता वक्राने संपृक्तता काढतो, आणि मेंढीच्या रक्ताचा वक्र उजवीकडे असल्याने मधल्या पट्ट्यात आकडा फुगलेला येतो. शिवाय मेथहिमोग्लोबिनही (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) बघायचंच आहे. शिळ्या रक्तात ते वाढतं.

फ्लुएन्सवाला:
पुढे मनगटावर जाणार असाल तर नळीतला आकडा को-ऑक्सिमीटरशी जुळवायला काढलेला गुणक तिथे चालणार नाही. मेलॅनिन 750 ला जास्त शोषतं, म्हणून त्वचेखाली गुणोत्तर वाढून संपृक्तता जास्त दिसते, वर्ण जितका गडद तितकी अधिक. वरच्या थरातलं ऑक्सिजनयुक्त रक्त नेमकं उलट ओढतं. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि आकडा योगायोगाने बरोबर वाटतो, म्हणून 4–5 तरंगलांब्या घ्या, 800 च्या आसपासची एक त्यात असू द्या. सुरक्षेची मर्यादा दर पल्सला 750 ला सुमारे 25 आणि 850 ला 40 मिलिज्यूल प्रति चौ. सेंमी आहे. 750 चीच पाळा.