लिब्रेऑफिस बेसला प्रत्येक डेटाबेसचे खास शब्द कळायला हवेत का?

वाचनालयवाला
आमच्या वाचनालयाच्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत, त्या पाहायला-काढायला समोर लिब्रेऑफिस बेस. प्रत्येक सभासदाचा शेवटचा व्यवहार काढायला पोस्टग्रेसमध्ये 'डिस्टिंक्ट ऑन' लिहिलं की झालं. बेसचा पार्सर, म्हणजे क्वेरी वाचून समजून घेणारा भाग, मात्र तिथेच अडतो, सिंटॅक्स एरर. एसक्यूएल (क्वेरीची भाषा) बेसने न वाचता थेट डेटाबेसला पाठवायचं बटण दाबलं तर क्वेरी चालते, पण मग ':तारीख' हे पॅरामीटर, म्हणजे क्वेरी चालवताना भरायची किंमत, विचारलंच जात नाही. दर वेळी क्वेरी उघडून तारीख हाताने बदलायची. ज्या डेटाबेसला जोडलंय त्याची बोली बेसला यायलाच हवी.

जुना_डीबीए
अजिबात पटत नाही. पहिल्या १० ओळी काढायच्या तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएलमध्ये शेवटी 'लिमिट', एसक्यूएल सर्व्हरमध्ये सुरुवातीलाच 'टॉप', फायरबर्डमध्ये 'फर्स्ट'. ऑरेकलवाल्यांनी कित्येक वर्षं 'रोनम'वर काढली. शिवाय एकाचा राखीव शब्द (भाषेने स्वतःसाठी ठेवलेला) म्हणजे दुसऱ्याच्या कॉलमचं नाव! मायएसक्यूएल ८ मध्ये 'रँक' राखीव झाला तेव्हा त्या नावाचे कॉलम असलेल्यांच्या क्वेऱ्या मोडल्या. प्रत्येक नव्या आवृत्तीमागे बेसवाल्यांनी किती धावायचं? सर्व्हरवर व्ह्यू करा, म्हणजे ती क्वेरी नाव देऊन तिथेच साठवा. बेसला तो टेबलासारखाच दिसतो, पॅरामीटरही चालतं.

वाचनालयवाला
करून पाहिला, दादा. मला ३१ मार्चपर्यंतचा शेवटचा व्यवहार हवा असतो. कुणी एप्रिलमध्ये पुस्तक नेलं असेल तर व्ह्यूने तीच ओळ निवडलेली असते. वरून तारखेची अट लावली की तो सभासद यादीतून गायब. अट आतच लागायला हवी.

जुना_डीबीए
हा मुद्दा बरोबर आहे, व्ह्यू इथे कामाचा नाही. मग सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आत दुसरी क्वेरी, लिहा: त्या सभासदाचा, त्या तारखेपर्यंतचा सगळ्यात मोठा व्यवहार क्रमांक. 'मॅक्स' सगळीकडे चालतं, बेसलाही कळतं.

क्वेरीताई
दादा, मोठ्या टेबलावर ती रेंगाळू शकते. आणि बेस वापरणाऱ्या किती जणांना अशी सबक्वेरी सुचेल? सगळे शब्द शिकवू नका, पण थेट पाठवतानाही पॅरामीटर तरी विचारा. खरी अडचण तिथे आहे.

जुना_डीबीए
पोस्टग्रेसमध्ये '::' लिहून डेटाचा प्रकार बदलतात, वेळेतही '१०:३०' असतं. व्याकरण न कळता पॅरामीटर ओळखणार कसं?

क्वेरीताई
अवतरणातलं सोडायचं, जोड कोलन सोडायचा, कोलननंतर अक्षर आलं तरच पॅरामीटर धरायचं. अ‍ॅरेसारखी (एकाच रकान्यातली किंमतींची यादी, तिथेही कोलन येतो) एखादी जागा चुकेल, मान्य. पण अख्खं व्याकरण शिकवण्यापेक्षा हे काम कितीतरी लहान आहे.

वाचनालयवाला
ताई, एवढं झालं तरी माझं भागेल. तोवर सबक्वेरी लावतो. आमच्याकडे एकाच दिवशी दोन-दोन पुस्तकं नेणारे आहेत, म्हणून तारखेचा नाही, क्रमांकाचाच मॅक्स घेतो.