‘वजन घटवा’ स्पर्धा: नियमावरून ग्रुपवर चर्चा

सेक्रेटरी (ए-१०३): गणेशोत्सवानिमित्त ‘वजन घटवा’ स्पर्धा. रविवारी सकाळी ८ ला क्लबहाऊसमध्ये पहिलं वजन. सहा आठवड्यांत ज्याचे सगळ्यात जास्त किलो उतरतील तो विजेता. प्रवेश फी १०० रु. आकडे दर रविवारी ग्रुपवर टाकू.

बी-२०४ काका: माझं नाव लिहा. दारातून आधी पोट आत येतं, मग मी.

डॉक्टर ताई (बी-५०२): काका, तुम्ही जरूर या. पण सेक्रेटरी, यादी पाहिली. त्यात काही जणांकडे उतरवायला काही नाहीच. नियमात खालची मर्यादा घाला.

सी-३०४ दादा: हौस म्हणून नाव देतात हो ताई. दोन किलो गेले तर काय बिघडतं?

डॉक्टर ताई: कोणाचे गेले यावर आहे. काकांची बरीचशी चरबी जाईल. आधीच सडपातळ असणाऱ्याचे स्नायू झिजतात, आणि हृदय हाही स्नायूच. नाडी मंदावते, उठताना चक्कर येते. उलट्या काढून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन वजन उतरवणाऱ्यांचं पोटॅशियम घसरतं, ठोके बिघडतात. त्यात जीवही जातो.

सी-१०२: पण भारतीयांनी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या आत ठेवावा म्हणतात ना? मग बारीक असलेलं बरंच की.

डॉक्टर ताई: वरची रेघ आपल्यासाठी खाली आणली, कारण मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो. खालची रेघ १८.५ चीच आहे. ५ फूट ३ इंच उंचीला ती साधारण ४७ किलोवर येते. अर्थात त्याच्या वर असून झपाट्याने वजन उतरवलं असेल तरी धोका असतोच. आणि शाळकरी मुलांना हा आकडा लावूच नका, त्यांचे तक्ते वयाप्रमाणे वेगळे.

ए-३०२ वहिनी: ताई, पाळीबद्दल विचारायचं होतं. वेगळा मेसेज करू?

डॉक्टर ताई: आत्ताच करा. बाकीच्यांसाठी इथे लिहिते. पोटात पुरेसं जात नसेल तर मेंदू अंडाशयाकडचे संदेश कमी करतो. पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, त्यामुळे हाडं विरळ होतात. हाडांचा साठा तिशीच्या आतच जमतो. तेव्हा झालेली तूट पुढे गोळ्यांनी पूर्ण भरून निघेल याची खात्री नाही. तीन महिने पाळी आली नाही तर ‘डाएटमुळे असेल’ म्हणून सोडू नका, दाखवा.

ए-४०१ काकू: आमच्या वेळी ‘अंगावर मांस नाही गं पोरीच्या’ म्हणत पानात तूप वाढायच्या. आता गळ्याची हाडं दिसली की लाइक.

सी-३०४ दादा: शेवटी मनावर ताबा पाहिजे. कुठे थांबायचं ते आपल्याला कळतंच.

बी-३०१ सर: तेच कळेनासं होतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्यांना परत कसं उभं करायचं, ते शोधायला. दिवसाला साधारण १५७० कॅलरी, म्हणजे हल्लीच्या कित्येक डाएट प्लॅनपेक्षा जास्तच! वजन जवळपास चतुर्थांशाने घटलं. माणसं चिडकी, उदास, एकलकोंडी झाली. उन्हाळ्यात थंडी वाजायची. कधी स्वयंपाकघरात न गेलेले पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. सगळे स्वतःहून आलेले, मनाने खंबीर तरुण होते हो.

डॉक्टर ताई: सर, डाएटच्या नादात अडकलेल्या मुलींतही अगदी हेच दिसतं. सतत खाण्याचाच विचार, घरच्यांबरोबर जेवायला टाळाटाळ, ढगळ कपडे, केस गळणं. आईवडिलांना ‘नखरे’ वाटतात. मुलग्यांतही होतं बरं का.

सी-१०२: आपल्या विंगमधलीच एक मुलगी…

डॉक्टर ताई: नाव नको. त्या मुलीही हा ग्रुप वाचतात. कोणी ‘किती वाळलीस’ किंवा ‘काय मस्त बारीक झालीस’, दोन्ही म्हणू नका.

ए-४०१ काकू: मग डिंकाचे लाडू करून देऊ? चार दिवसांत भरून येईल.

डॉक्टर ताई: काकू, मायेने द्याल, पण फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर देणंही धोक्याचं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदय, श्वास दोन्ही अडचणीत येतात. तिथे दवाखान्यातच देखरेखीखाली हळूहळू वाढवतात. बोलायला कोणी हवं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

सेक्रेटरी: ठीक. किलोंची स्पर्धा रद्द. त्याऐवजी रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून चालायचं, बक्षीस हजेरीवर. वजनकाटा क्लबहाऊसमधून काढतो. चालेल?

बी-२०४ काका: चालेल म्हणजे काय, चालावंच लागेल! पण १०० रुपये भरलेत त्यांचं काय?

सेक्रेटरी: परत. रविवारी ऑफिसातून घेऊन जा, सुटे आणा.