पोस्टाचं 'तिकीट' आणि त्यावर झेंडा, ध्वज की निशाण?

रंकाळाकाठ:
परवा माळ्यावरची ट्रंक उपसताना आजोबांची तिकिटांची वही सापडली. पहिल्याच पानावर १९४७ चं साडेतीन आण्याचं तिकीट, ढगांवर फडकणारा तिरंगा, वर देवनागरीत 'जय हिंद', आणि खाली आजोबांच्या अक्षरात 'झेंडाछाप'. जसा राणीछाप रुपया तसं हे झेंडाछाप. लेकीनं लगेच विचारलं, बाबा ह्याला तिकीट का म्हणायचं, ह्याच्यावर कुठं जाता तर येत नाही. बरोबर आहे की, एसटीचं तिकीट असतं, पिक्चरचं असतं, निवडणुकीचं पण असतं, पण इंग्रजीत ह्याला स्टॅम्प म्हणतात, टिकट नाही. आणि मराठीत स्टॅम्प म्हटलं की डोळ्यापुढं येतो तो स्टॅम्प पेपर नाहीतर रबरी शिक्का. मुद्रांक म्हणावं तर थेट घराच्या खरेदीखताची नोंदणी आणि मुद्रांक शुल्कच आठवतं. मग आपण हे तिकीट कुठनं उचललं? आपलं चुकलंय का? आणि दुसरं, त्यावर जे आहे त्याला झेंडा म्हणायचं का ध्वज?

सांगलीची लेक:
अजिबात चुकलेलं नाही, उलट आपलंच जास्त बरोबर आहे! इंग्रजी टिकट मुळात जुन्या फ्रेंचमधनं आलाय, तिकडं त्याचा अर्थ चिकटवलेली चिठ्ठी, लेबल असा होता. एटिकेट पण त्याच घरातला शब्द. म्हणजे थुंकी लावून पाकिटावर जे डकवायचं त्याला तिकीट म्हणणं हे मूळ अर्थाला धरूनच झालं. आपण काही फ्रेंच शोधून ठेवलं नव्हतं म्हणा, योगायोगच. फक्त 'डाकतिकीट' लिहू नका कुणी, डाक हिंदीकडची, आपलं टपाल. आणि अनेकवचन तिकिटं, तिकीटं नाही, तेवढं शाळेत शिकलोय सगळे.

मंगळवारपेठी:
मग आमच्या मिरजकर तिकटीचं काय? माळकर तिकटी पण आहे 😀

सांगलीची लेक:
दादा ती तीन रस्त्यांची तिकटी, तिचा ह्या तिकिटाशी काही संबंध नाही.

रंकाळाकाठ:
तिकटीवर तिकिटाचं दुकान काढलं तर होईल संबंध. बरं पण ध्वज का झेंडा ते राहिलंच.

मंगळवारपेठी:
हे बघ भावा, शाळेच्या पत्रिकेवर 'ध्वजारोहण' छापलेलं असतं आणि घरातनं निघताना पोरगं म्हणतं झेंडावंदनाला चाललोय. ध्वजवंदनाला चाललो म्हणणारं पोर मी तरी अजून बघितलं नाही. ध्वज हा सरकारी कागदातला, ध्वजसंहिता, ध्वजदिन वगैरे. झेंडा तोंडातला. पोलीस उद्यानात ३०३ फुटांवर जो उभा केलाय २०१७ ला, त्याला आख्खं कोल्हापूर 'मोठा झेंडा' म्हणतं. आणि म्हणी बघ, झेंडा रोवणे, झेंडा मिरवणे, अटकेपार झेंडे लावणे. 'अटकेपार ध्वज' म्हटलं तर मराठे अर्ध्या वाटेवरनं परत फिरल्यासारखं वाटतं.

रंकाळाकाठ:
अटकेपार वरनं एक भारी गोष्ट. ह्या साडेतीन आण्याच्या तिकिटाचा मुख्य उपयोग परदेशात जाणाऱ्या पत्रांसाठी होता. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं, त्यावर छापलेली तारीख मात्र १५ ऑगस्ट. देशातल्या पत्रांसाठी दीड आण्याचं, अशोकस्तंभाच्या सिंहांचं, ते डिसेंबरात आलं. त्याआधीच्या तिकिटांवर सहाव्या जॉर्जचं तोंड होतं, म्हणजे तोपर्यंत तिकिटावर माणूस असायचा, मालक कोण ते सांगायला, आणि आता पहिल्यांदा माणसाच्या जागी झेंडा आला, तो पण बाहेरच्या पाकिटावर, घरातल्या पत्रांना सिंह आणि परक्याच्या दारात जाताना तिरंगा. १७५८ ला अटकेपार गेला तो घोड्यावरनं, हा गेला पाकिटावरनं. आणि साडेतीन आणेच का हा टपालाच्या दराचा प्रश्न झाला, पण अंबाबाईच्या गावात साडेतीन म्हटलं की आपोआप हात जोडले जातात, साडेतीन पीठांतलं एक आपलं.

सांगलीची लेक:
मग माझं मत तिसऱ्या शब्दाला, निशाण! फारसीतनं आलेला आहे आणि त्याचा अर्थ झेंडा पण आणि खूण पण. तुमच्या तिकिटावरचा तिरंगा दोन्ही आहे ना, देशाचा झेंडा, आणि हे पत्र कुठनं आलं त्याची खूण. इथं चिन्ह आणि प्रतीक ह्यातला फरक पण घ्या. चिन्ह म्हणजे ओळख पटली की काम झालं, निवडणुकीला असतं तसं. प्रतीक म्हटलं की मागं काहीतरी मोठं उभं पाहिजे. पोस्टमनला तो झेंडा चिन्ह, आजोबांना प्रतीक. सरसकट 'प्रतीक' लिहितात पेपरवाले, ते मला पटत नाही.

मंगळवारपेठी:
मागं काय उभं आहे ते पण सांगा की मग.

सांगलीची लेक:
त्यात पण शब्दाचीच गंमत आहे. २२ जुलै १९४७ ला घटना समितीत ठराव झाला त्यात वरचा पट्टा 'केसरी'. पण त्याच सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी अर्थ सांगितला तेव्हा 'भगवा' हा शब्द घेतला, आणि अर्थ सांगितला त्याग, निःस्वार्थीपणा. पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याची वाट. हिरवा म्हणजे मातीशी, झाडाझुडपांशी नातं. चक्र धर्माचं आणि गतीचं, २४ आरे. मराठी कानाला केशरी आणि भगवा एक नाहीत, केशरी मिठाईच्या दुकानातला, भगवा जोतिबाच्या वाटेवरचा, पण राधाकृष्णन त्यागाकडं बोट दाखवत होते म्हणून भगवा. मला तो शब्द तिथं चपखल वाटतो, राग येणाऱ्यांनी येऊ द्यावा.

रंकाळाकाठ:
रागवत नाही ताई, पण आजोबांच्या तिकिटावर तो नारिंगीकडं झुकलेला लाल आहे, आणि आरे मोजायला भिंग घेतलं तर पंधराव्यापुढं दर वेळी चुकतोय.

अजून एक शंका. झेंड्यावर काही लिहायचं नसतं असं ध्वजसंहितेत आहे. मग पोस्टात ह्याच्यावर काळा शिक्का मारायचे तो चालायचा कसा?

मंगळवारपेठी:
अरे शिक्का तिकिटावर मारतात, झेंड्यावर नाही. तिकीट बाद करायला मारतात, नाहीतर तू परत सोडवून लावशील. कुठला शिक्का आहे वाच जरा.

रंकाळाकाठ:
पुसट आहे. शेवटचं 'पूर' तेवढं लागतंय.

मंगळवारपेठी:
मग कोल्हापूरच की! हाय काय अन् नाय काय.

सांगलीची लेक:
सोलापूर नाहीतर नागपूर पण असेल दादा. आणि तारीख बघा आधी. १ मार्च १९४९ च्या आधीची असेल तर कोल्हापूर अजून संस्थान होतं, मुंबई प्रांतात विलीन व्हायचं होतं.

रंकाळाकाठ:
तारीख चक्रावरच आलीय नेमकी. उद्या दुपारी गच्चीवर उन्हात धरून बघतो आणि सांगतो.